पळसावरचा शिंजीर: एडिट करताना पिसं प्लॅस्टिकसारखी होतायत, कुठे थांबायचं?

पळसपान

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं.

सध्या पुण्यातल्या टेकड्यांवर पळस फुललाय आणि सकाळी जांभळे शिंजीर (फुलातला मध पिणारे बारके पक्षी) नुसते तुटून पडलेत त्याच्यावर. वेताळ टेकडीवर एका झाडापाशी बसून काढलेला हा नर, फोटो १ मध्ये रॉ (कॅमेऱ्याची मूळ फाइल) जसा होता तसा दिलाय आणि फोटो २ माझं एडिट. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर, लेन्स ७०-३००, ३०० ला एफ ५.६, शटर १/६४०, आयएसओ १६००, पक्षी साधारण १० मीटरवर होता.

रॉ मध्ये पक्षी जवळपास काळाच दिसत होता म्हणून शॅडोज (गडद भाग उजळणारा स्लायडर) पूर्ण १०० केले, मग पिसं उठून दिसावीत म्हणून क्लॅरिटी ४०, डिहेझ २०, थोडं सॅच्युरेशन. त्याने इतका नॉइज (दाणेदारपणा) वर आला की तो पुसणारं डिनॉइज ८० ला न्यावं लागलं, मग सगळं मऊ झालं म्हणून शार्पनिंग १२०. शेवटी क्रॉप करून ९०० बाय ६०० ठेवलाय, पक्षी फ्रेमभर दिसतो.

एका ग्रुपवर टाकला तर खूप अंगठे आले आणि एकाने फक्त "ओव्हर" एवढंच लिहिलं, पुढे काहीच नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय की नेमकं काय ओव्हर आहे. प्रत्यक्षात तो पक्षी मान वळवली की निळा-जांभळा असा चमकत होता आणि फोटोत तो राखाडी कोळशाचा तुकडा दिसतोय, हे माझ्याही लक्षात येतंय पण कुठल्या पायरीला हे झालं ते कळत नाहीये. दुसरं म्हणजे मागून एक तिरकी काडी गेलीय, अगदी डोक्यामागून, ती काढून टाकावी का?

आणि फोटो ३ मध्ये त्याच झाडावरचा एक बारका हिरवट पक्षी आहे, वटवट्याच आहे बहुतेक, त्याची ओळख पण सांगा. तोही एडिट केलेला आहे, जरा उबदार टोन दिलाय सकाळचा फील यावा म्हणून.

टेकडीकर

पळसपान ताई, फोटो १ आणि २ दोन्ही टाकलेत हे फार बरं केलंत, नुसतं एडिट बघून कोणी नीट सांगूच शकत नाही.

आधी तुमच्या फोटोत काय चांगलं आहे ते सांगतो कारण ते खरंच चांगलं आहे. चोच फुलात अर्धी आत आहे, पाय दिसतायत, देठावरची पकड दिसतेय, आणि चोचीच्या बुडाशी जे पिवळे कण आहेत ते पळसाचे परागकण आहेत. शिंजीर मध पितो आणि जाताना पराग घेऊन जातो ते या एका फोटोत दिसतंय. एडिटमध्ये तुम्ही ते कण डाग समजून पुसलेत असं वाटतंय, फोटो २ मध्ये नाहीयेत. ते परत आणा बाकी काही केलं नाही तरी चालेल!

आता काळेपणा. शिंजीराच्या नराचा तो निळा-जांभळा रंग हा रंगद्रव्याचा रंग नाहीये, पिसांच्या आत अतिसूक्ष्म थर असतात त्यांच्यावर प्रकाश पडून परतताना तो रंग तयार होतो, म्हणून तुम्ही, पक्षी आणि सूर्य यांचा कोन जमला तरच चमकतो आणि मान जराशी फिरली की काळा. तुमच्या फोटोत ऊन त्याच्या पाठीमागून डावीकडून आहे, म्हणजे आपल्याकडची बाजू सावलीत. त्या बाजूला त्या क्षणी चमक कॅमेऱ्यापर्यंत आलेलीच नाही. जे आलंच नाही ते शॅडोज १०० करून कुठून येणार, वर येतो तो फक्त राखाडीपणा आणि नॉइज. तुमची पुढची सगळी साखळी तिथून सुरू झालीय, नॉइज आला म्हणून डिनॉइज, त्याने मऊ झालं म्हणून शार्पन, प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची भरपाई करत गेलीय.

त्यामुळे माझं म्हणणं असं की त्याला काळा राहू द्या. शॅडोज २०-२५, बास. खांद्यावर आणि गळ्याच्या कडेला जी बारीक निळी रेघ रॉ मध्ये दिसतेय ना, तेवढीच एक जागा ब्रशने अर्धा स्टॉप (उजेडाचं माप) उचला. खरी चमक तिथेच आहे.

अजून एक, डोळा. काळ्या चेहऱ्यात काळा डोळा, त्यामुळे या पक्ष्यात डोळा दिसतो तो फक्त त्यातल्या प्रकाशाच्या ठिपक्यामुळे. तुमच्या रॉ मध्ये तो ठिपका आहे, छोटा आहे पण आहे. डिनॉइज ८० ने तो जवळपास खाल्लाय. एडिट करताना मी तर सारखं त्या ठिपक्याकडेच बघत असतो, तो पुसट व्हायला लागला की स्लायडर मागे.

डार्करूम_काका

टेकडीकर यांनी प्रकाशाचं सांगितलं, मी पिक्सेलचं सांगतो कारण क्रॉपचा मुद्दा कोणी काढला नाही अजून.

शिंजीर चोचीपासून शेपटीपर्यंत १० सेंटीमीटर. ३०० एमएम लेन्सने १० मीटरवरून तो सेन्सरवर पडतो जेमतेम ३ मिलीमीटर. तुमचा सेन्सर साडेतेवीस मिलीमीटर रुंद, त्यावर ६००० पिक्सेल, म्हणजे अख्खा पक्षी साधारण साडेसातशे पिक्सेलचा. त्या साडेसातशेमध्ये चोच, डोळा, पिसं, नखं सगळं. याला ९०० च्या फ्रेममध्ये बसवला की नॉइजचा दाणा न दाणा दिसणार आणि पिसाची एकेक रेघ हवी म्हणून तुम्ही शार्पनिंग ओढत बसणार, पण तेवढी रेघ टिपलीच गेलेली नाहीये.

ह्याच फाइलचा २४०० बाय १६०० क्रॉप करून बघा. पक्षी फ्रेमच्या एक तृतीयांश, उजवीकडे ठेवा म्हणजे तो ज्या बाजूला तोंड करून आहे तिकडे जागा राहील, आणि डावीकडे ती फुलांनी लगडलेली पूर्ण फांदी येऊ द्या. काळा पक्षी आणि केशरी पळस, निष्पर्ण झाड, हे चित्र तुमच्या फ्रेममध्ये आधीच आहे, तुम्ही ते कापून टाकलंय. नॉइजसुद्धा मग निम्म्याहून कमी जाणवेल कारण बघताना फाइल कमी मोठी करून बघितली जाते.

पळसाच्या पाकळ्यांकडे पण लक्ष द्या. केशरी-लाल रंगात लाल चॅनेल सगळ्यात आधी फुटतो, म्हणजे जास्त उजळून तपशील जातो, आणि साध्या हिस्टोग्राममध्ये ते कळत नाही, तिन्ही रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावून बघा. फोटो २ मध्ये पाकळ्यांवरची मखमल पूर्ण गेलीय, सपाट केशरी रंग झालाय, ते सॅच्युरेशनमुळे. सॅच्युरेशन शून्यावर आणा, केशरीचा ल्युमिनन्स (उजळपणा) थोडा कमी करा, मखमल परत येते की नाही सांगा.

क्रम म्हणाल तर मी असा करतो: रॉ वर सगळ्यात आधी डिनॉइज, मग व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर, मग क्रॉप, मग मास्क (निवडलेल्या भागापुरतं एडिट) लावून पक्षी वेगळा आणि बॅकग्राउंड वेगळं, आणि शार्पनिंग एकदम शेवटी, ज्या साइजला एक्स्पोर्ट करायचंय त्या साइजला. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचं एआय डिनॉइज २०२३ पासून आहे, ते आपोआप ५० वर येतं, पक्ष्याला मी ३० ते ४० च्या वर नेत नाही. बॅकग्राउंडला अजून हवं असेल तर सब्जेक्ट सिलेक्ट करून मास्क उलटा करा आणि तिथे नॉइज स्लायडर हवा तेवढा ओढा, तिथे पिसं नाहीत, काही बिघडत नाही. फक्त चोचीची कड आणि नखं १०० टक्के झूम करून तपासा, मास्क तिथे हमखास चुकतो आणि पक्ष्याभोवती एक दाणेदार किनार राहते, ती एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही.

शार्पनिंगची रेडियस १ च्या खाली ठेवा, पिसाच्या रेघा फार बारीक असतात. मास्किंगचा स्लायडर ऑल्ट दाबून ओढलात की स्क्रीन काळी-पांढरी होते, पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं, बॅकग्राउंड पूर्ण काळं होईपर्यंत न्या. क्लॅरिटीऐवजी टेक्स्चर १०-१५. क्लॅरिटी या काळ्या पक्ष्याभोवती पांढरट वलय आणते, तुमच्या पक्ष्याच्या डोक्याच्या कडेला आलंय बघा.

लाइटरूम नसलेल्यांसाठी, डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत आणि दोन्हीतला डिनॉइज चांगला आहे, शिकायला वेळ लागतो एवढंच. कॅनन आणि निकॉनवाल्यांना कंपनीचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तेही रॉ साठी पुरतं.

झूमलेन्स_६००

काडी काढून टाका हो ताई सरळ. जनरेटिव्ह रिमूव्ह एका क्लिकमध्ये होतं, बघणाऱ्याला काय फरक पडतो, फोटो सुंदर दिसला म्हणजे झालं. आणि काकांच्या क्रॉपशी मी सहमत नाही, आजकाल सगळे मोबाइलवर बघतात, फ्रेमच्या एक तृतीयांश पक्षी मोबाइलवर मुंगीएवढा दिसतो. टाइट ठेवा.

साधीदुर्बीण

मी फोटोग्राफर कमी आणि पक्षी बघणारी जास्त, त्यामुळे आधी फोटो ३ बद्दल.

पळसपान, याची ओळख या एडिटवरून सांगता येणार नाही आणि का ते सांगते, कारण हे फार जणांच्या फोटोत होतं. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या पर्ण वटवट्यांमध्ये फरक अगदी केसाएवढे असतात. ग्रीनिश वॉर्बलरच्या पंखावर एक फिकट बारीक पट्टी असते, ह्यूम्सच्या पंखावर ती जास्त ठळक आणि वर आणखी एक पुसटशी, आणि सल्फर बेलिडला पट्टीच नसते पण पोट पिवळं असतं. तुमच्या फोटोत पट्टी दिसत नाहीये आणि पोट पिवळसर आहे, म्हणजे कोणीही पटकन सल्फर बेलिड म्हणेल. पण तुम्ही टोन उबदार केलाय, म्हणजे पिवळेपणा कदाचित तुमच्या स्लायडरचा आहे. आणि डिनॉइज केलाय, म्हणजे पट्टी असली तरी ती पुसली गेलेली असू शकते, एवढी बारीक रेघ सॉफ्टवेअरला नॉइजसारखीच वाटते. शिवाय सल्फर बेलिड जास्त करून खडकांवर, दगडांच्या आसपास, झाडाच्या बुंध्यावर सरपटत किडे शोधताना दिसतो, पळसाच्या शेंड्यावर तो असायचा संभव कमी. मूळ रॉ टाका, व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्याने दिलेला तसाच ठेवून. आणि आवाज ऐकला होतात का? या मंडळींची ओळख फोटोपेक्षा आवाजावरून जास्त पक्की होते.

यासाठी मी स्वतः दोन फाइली ठेवते. एक नोंदीसाठी, फक्त क्रॉप आणि थोडं एक्स्पोजर, ती ई-बर्डवर (पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर) जाते. दुसरी आवडीची, तिच्यात टोन-बिन जे काय करायचं ते. टाइट क्रॉपबद्दल झूमलेन्स यांचं म्हणणं नोंदीच्या फाइलला मात्र लागू आहे, तिथे चोच आणि पंख मोठे दिसले की ओळखणाऱ्याला मदत होते, चित्र म्हणून कसं दिसतं याला तिथे महत्त्व नाही.

टेकडीकर

झूमलेन्स, काडीबद्दल माझं मत वेगळं आहे आणि जरा ठामपणे मांडतो.

निसर्ग विभागात स्पर्धेला पाठवायचा असेल तर काडी काढता येत नाहीच. पीएसए, फियाप आणि आरपीएस या तीन छायाचित्रण संस्थांनी मिळून निसर्ग छायाचित्राची व्याख्या केलीय, तिच्यात चित्रातली कुठलीही गोष्ट घालायला, हलवायला, बदलायला किंवा काढायला बंदी आहे, अपवाद फक्त क्रॉपिंगचा आणि तिरपा फोटो सरळ करण्याचा. सेन्सरवरची धूळ आणि नॉइज काढलेला चालतो कारण ते कॅमेऱ्याने आणलेलं असतं, काडी झाडाने आणलेली असते. आपल्याकडे बऱ्याच स्पर्धा याच नियमांवर चालतात आणि निवड झाल्यावर रॉ मागतात.

पण स्पर्धा सोडा. उद्या कोणीतरी तुमचा फोटो बघून म्हणेल की शिंजीर असा मोकळ्या देठावर बसतो, आणि तो तर काटक्यांच्या गिचमिडीत बसला होता. घरच्या भिंतीवर लावायला काढा, कोणी अडवणार नाही, पण टाकताना "काडी काढली आहे" एवढं लिहा. एवढंच मागणं आहे.

आणि ताई, काढायची गरजच नाहीये. काडी मागे साधारण हातभर अंतरावर आहे आणि उजेडात आहे म्हणून टोचते. तिच्यावर एक लांबट ब्रश मारा, हायलाइट्स कमी, एक्स्पोजर पाव-अर्धा स्टॉप कमी, टेक्स्चर उणे. काडी राहते पण नजर तिच्याकडे जात नाही. हे डार्करूमच्या काळापासून चालत आलेलं बर्निंगच आहे, काका सांगतील. फक्त निसर्ग विभागाच्या स्पर्धेला पाठवताना जपून, कुठलीही गोष्ट लपवण्यासाठी तो भाग काळा किंवा धूसर करणं त्या नियमात बसत नाही.

डार्करूम_काका

हो. तेवढी जागा सोडून बाकी कागदावर हाताने सावली धरून तेच करायचो आम्ही.

काडी एवढी स्पष्ट का आली तेही सांगतो म्हणजे पुढच्या वेळी उपयोग होईल. ३०० एमएम, एफ ५.६, १० मीटर, यात फोकसमध्ये राहणारा पट्टा जवळजवळ २३ सेंटीमीटरचा आहे, म्हणून हातभर मागची काडी अर्धवटच विरघळलीय. तेच ५ मीटरवर हा पट्टा ६ सेंटीमीटरच्या आत येतो आणि पक्षीही सेन्सरवर दुप्पट मोठा पडतो. म्हणजे नॉइज, क्रॉप, काडी, तुमच्या तिन्ही तक्रारींवर एकच उपाय आहे, अंतर. अर्थात पक्ष्याच्या अंगावर चालून जाऊन नाही! शिंजीर त्याच त्याच फुलांच्या घोसाकडे परत परत येतो. तो नसताना जवळ जाऊन, ऊन पाठीशी घेऊन खाली बसायचं आणि हलायचं नाही. थोड्या वेळाने तो तुम्हाला झाडाचा भाग समजतो.

पळसपान

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

फोटो ४ टाकलाय, काकांनी सांगितल्याप्रमाणे २४०० चा क्रॉप, शॅडोज २०, सॅच्युरेशन शून्य, डिनॉइज ३५, पराग परत आणलेत. पाकळ्यांची मखमल खरंच परत आली, मला वाटत होतं ती टिपलीच गेली नाहीये. काडी दाबलीय, काढली नाही.

फोटो ५ म्हणजे वटवट्याची मूळ रॉ. आवाज ऐकला होता, सारखं "चिस्ली, चिस्ली" असं दोन तुकड्यांत काहीतरी चाललं होतं.

एक शंका आहे. फोटो ४ मध्ये आता डोळ्याचा ठिपका दिसतोय पण डोकं अजून जरा हललेलं वाटतंय, शार्पन करूनही कड लागत नाही. फोकस चुकलाय का?

साधीदुर्बीण

फोटो ५ मध्ये पट्टी स्वच्छ दिसतेय, एकच, बारीक, आणि पोट मळकट पांढरं. आवाजही जुळतोय. ग्रीनिश वॉर्बलर, पुण्यात हिवाळ्यात झाडोझाडी असतो हा. एडिटमधली पट्टी आणि मूळची पट्टी शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे मी काय म्हणत होते ते दिसेल.

टेकडीकर

फोटो ४ मस्त! आता हा पळसाचा फोटो आहे ज्याच्यात शिंजीर आहे, आणि तोच जास्त चांगला फोटो आहे.

डोक्याचं असं तपासा. ज्या फुलात चोच आहे त्या फुलाची कड बघा, ती कापल्यासारखी स्वच्छ आहे आणि पाय, नखंही स्वच्छ आहेत, म्हणजे फोकस बरोबर पडलाय. फोकस चुकला असता तर पक्ष्याच्या पुढचं किंवा मागचं काहीतरी जास्त शार्प दिसलं असतं. हात हलला असता तर अख्ख्या फ्रेममध्ये, काडी-फुलं-पक्षी सगळ्याला एकाच दिशेने दुहेरी कड आली असती. फक्त डोकंच पुसट आहे म्हणजे डोकं हललंय. मध पिताना तो डोकं इतक्या झटक्याने मागेपुढे करतो की १/६४० पुरत नाही, १/१२५० च्या वर जा, आयएसओ ३२०० झाला तरी होऊ द्या. आयएसओ कमी ठेवायचा म्हणून अंधारा फोटो काढून मग उचलला तर सावलीतला नॉइज तेवढाच येतो नाहीतर जास्तच, आणि हललेलं डोकं मात्र कुठल्याही स्लायडरने स्थिर होत नाही. शार्पन-एआय वगैरे त्यावर मारू नका, ते नसलेल्या पिसाच्या रेघा स्वतःच्या मनाने काढतं, मोठं करून बघितलं की माशाच्या खवल्यांसारखी नक्षी दिसते.

दहा-बारा फ्रेम्सचा बर्स्ट (सलग झटपट फोटो) घ्या आणि त्यातली चोच बाहेर काढून क्षणभर थांबलेली फ्रेम निवडा. तेव्हा डोकं स्थिर असतं.

झूमलेन्स_६००

फोटो ४ मोबाइलवर बघितला, ठीक दिसतोय, मुंगीएवढा नाहीये. काडीचं पटलं. टाकताना लिहिण्याचा मुद्दाही मान्य.

एक सांगतो, ग्रुपवर कोणीतरी नुसतं "ओव्हर" लिहून जातं ना, त्याचा मलाही राग येतो. पण "नाइस शॉट", "जबरदस्त क्लिक सर" याने तरी काय कळतं, आपल्या ग्रुपांवर याच्या पलीकडे कोणी जातच नाही.

डार्करूम_काका

हे बरं झालं काढलंत. टीका करायची पण एक रीत असते आणि ती कोणी शिकवत नाही. मी पूर्वी ज्या मंडळात जायचो तिथे प्रिंट भिंतीवर लावायचे आणि काढणाऱ्याने गप्प बसायचं, बाकीच्यांनी आधी सांगायचं की त्यांची नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि मग कुठे अडकली. एवढंच. चांगलं-वाईट नंतर. त्यावरूनच काढणाऱ्याला कळायचं की आपल्याला डोळ्याकडे न्यायचं होतं आणि लोक काडीकडे जातायत.

इथेही तसंच करता येईल. "ओव्हर" म्हणण्याऐवजी "गळ्याच्या पिसांचं टेक्स्चर गेलंय, डिनॉइज कमी करून बघा" असं लिहिलं तर दोन ओळी जास्त लागतात पण समोरच्याच्या हाती काहीतरी लागतं. कुठे, काय, आणि काय करून बघायचं. आणि टाकणाऱ्यानेही पळसपानसारखं मूळ फाइल, सेटिंग आणि आपल्याला काय दाखवायचं होतं ते लिहावं. धोबी, गप्पीदास, शिंपी, चष्मेवाला, या बारक्या पक्ष्यांच्या फोटोत तर हे फारच लागतं कारण त्यात चुकीला जागा नसते, मोरात चार पिसं मऊ झाली तर खपून जातं.

उलट फोटो काढणाऱ्याची मेहनत किती हा टीकेचा मुद्दा नाही. पहाटे किती वाजता उठलो, किती चाललो, ते फ्रेममध्ये दिसत नाही.

साधीदुर्बीण

यात माझ्याकडून एक भर. टीका करताना एडिटच्या आधी हे बघा की फोटो काढला कसा गेला असेल. आता पुढचे काही आठवडे शिंजीरांची घरटी सुरू आहेत, कोळ्याच्या जाळ्यांनी आणि कचऱ्याने विणलेली ती लोंबती पिशवी, आणि दरवर्षी त्याचे फोटो येतात ज्यात घरट्यासमोरची सगळी पानं-काटक्या साफ केलेल्या असतात म्हणजे तोंड स्वच्छ दिसावं. ती पानं म्हणजे त्या पिल्लांची सावली आणि कावळ्यापासूनची आड असते. अंडी मादी एकटी उबवते, आपण समोर तंबू ठोकल्यासारखे बसलो तर ती परतायला घाबरते आणि अंडी थंड पडतात. अशा फोटोत बोके (मागची धूसर पार्श्वभूमी) कितीही सुंदर असला तरी मी लाइक देत नाही आणि कारण लिहिते. तसंच मोबाइलवर आवाज वाजवून बोलावलेल्या पक्ष्याचं, तो छाती फुगवून, आक्रमक पवित्र्यात, थेट कॅमेऱ्याकडे बघत असतो आणि कौतुक होतं "काय पोज दिलीय" म्हणून. तो पोज देत नसतो, आपल्या हद्दीत कोण घुसलंय ते शोधत असतो.

पळसपान, हे तुमच्यासाठी नाही, तुमचा पक्षी निवांत मध पीत होता, ते फोटोत दिसतंय.

पळसपान

साधीदुर्बीण ताई, बरं झालं सांगितलंत, आमच्याच सोसायटीत एका वेलीवर मादी कापूस नेताना दिसतेय, तिथे गर्दी होऊ नये म्हणून मी जागा कुठेच टाकणार नाही.

शेवटचा प्रश्न. फोटो ४ आईसाठी प्रिंट करायचाय, २४०० बाय १६०० चा किती मोठा निघेल? आणि वॉट्सॅपवर पाठवला की एकदम पुसट होतो, लॅबवाला वॉट्सॅपवरच मागतोय.

डार्करूम_काका

२४०० बाय १६०० म्हणजे ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ८ बाय सव्वापाच इंच, आणि २०० पीपीआयला १२ बाय ८. भिंतीवर हातभर लांबून बघायच्या फोटोला २०० पुरतं, १२ बाय ८ काढा. मॅट कागद घ्या, ग्लॉसीवर काळ्या पक्ष्यात खोलीचं प्रतिबिंब दिसतं. प्रिंट स्क्रीनपेक्षा नेहमी थोडी गडद येते म्हणून पाव स्टॉप उजळ करून वेगळी फाइल काढा, आणि एडिट करताना लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका, निम्म्यावर आणा, नाहीतर फोटो उजळ आहे असं वाटत राहतं आणि प्रिंट काळीकुट्ट येते.

एक्स्पोर्ट करताना कलर स्पेस (रंगांची पद्धत) एसआरजीबी ठेवा, अडोबी आरजीबी मध्ये दिलात तर पळस विटका येईल. वॉट्सॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो दाबला जात नाही. आणि लॅबवाल्याला आवर्जून सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेव, त्यांचं मशीन काळा पक्षी बघून आपोआप उजळ करतं आणि तुम्ही मेहनतीने काळा ठेवलेला शिंजीर परत राखाडी होऊन येईल.